पॅड पेटतो, चेंडू लागतो, आकडा मात्र दरवेळी वेगळा

पत्र: नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदविका घेतली आहे. पूर्वी क्लबकडून फुटबॉल खेळायचो, आता संध्याकाळी मुलांना शिकवतो. सरावासाठी दिव्यांचे सहा पॅड बनवतोय. त्यातला कुठलाही एक अचानक पेटतो, खेळाडूने त्यावर चेंडू मारायचा किंवा हातापायाने तो विझवायचा, आणि मोबाइलवर त्याची प्रतिक्रिया-वेळ आणि फटक्याची ताकद दिसायची. निदान बेत तसा होता. पहिल्या नमुन्यात अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. हात पुढे नेला की तो बरोबर ओळखतो, पण जोरात मारलेला चेंडू त्याला दिसतच नाही. मग वजनकाट्यातला लोड सेल लावला. आता चेंडू कळतो, पण त्याच मुलाने तसाच मारलेला फटका एकदा ४० दाखवतो, एकदा ३. एक मित्र म्हणतो, हे सगळं काढ आणि कॅमेरा लाव. दुसरा म्हणतो, ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हादरे मोजणारी चिप. मैदान उघडं आहे, ऊन-पाऊस दोन्ही. सगळं करेल असा एकच सेन्सर सांगाल का?

उत्तर:

नमस्कार. सगळं करेल असा सेन्सर नाही. पण तुमचं नव्वद टक्के काम नाण्याएवढ्या एका पिझो चकतीवर भागेल. अट एवढीच, की ताकदीचा आकडा पहिल्या आवृत्तीतून काढून टाकायचा. हे तुम्हाला आवडणार नाही, कारण पत्रात सगळ्यात उत्साहाने तुम्ही त्याच आकड्याबद्दल लिहिलंय. म्हणून आधी तुमचे दोन्ही नमुने का फसले ते पाहू. ताकदीचं पुढे येईलच.

तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकाच पॅडमध्ये कोंबलेले आहेत. फटका लागला का? कधी लागला? किती जोरात लागला? पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याचं उत्तर घड्याळ देतं. तिसऱ्याला मोजमाप लागतं, म्हणजे कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या मापाशी आकडा जुळवणं), तापमान, चेंडूतली हवा, पॅडवर नेमका कुठे लागला, सगळं आलं. पहिले दोन प्रश्न स्वस्तात सुटतात. तिसरा प्रश्न अख्खा प्रकल्प गिळून टाकतो.

अल्ट्रासॉनिकचं गणित कागदावर मांडलं असतं तर नमुना बनवायची वेळच आली नसती. (हे टोमणा म्हणून नाही लिहीत, मीही कागद सोडून थेट सोल्डरिंगला बसणाऱ्यांपैकीच.) तुम्ही मॉडेलचं नाव दिलेलं नाही, पण दोन डोळ्यांचा तो सगळीकडे दिसणारा एचसी-एसआर०४ असावा असं धरतो. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. आधीचा प्रतिध्वनी विरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून दोन मापांत ६० मिलिसेकंदांहून जास्त अंतर ठेवा असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. मुलाने चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने मारला, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, तर ६० मिलिसेकंदांत तो १.२ मीटर पुढे जातो. एका मापाच्या वेळी चेंडू पॅडपासून मीटरभर लांब आणि पुढच्या मापापर्यंत आपटून परत निघालेला. सेन्सरने डोळे मिटले तेवढ्यात सगळं घडून गेलं. त्यात चेंडू गोल, त्यामुळे आवाजाचा बराचसा भाग तो भलतीकडेच परतवतो. शिवाय सहा पॅड एकाच वेळी ओरडत असतील तर एकाचा प्रतिध्वनी दुसऱ्याच्या कानात जाणार. पाण्याच्या टाकीची पातळी मोजायला हा सेन्सर उत्तम आहे. तिथेच राहू द्या.

लोड सेलची गोष्ट जास्त फसवी, आणि तिथे मी स्वतः पडलोय. एका पंचिंग पॅडसाठी मी लोड सेल लावला होता आणि जवळजवळ तीन आठवडे सेलवरच संशय घेत राहिलो. सेल बदलला, वायर बदलली, पट्टी जाड केली. आकडे तुमच्यासारखेच नाचत होते. शेवटी एका रात्री शांत डोक्याने लोड सेलमागच्या एचएक्स७११ या चिपची माहिती वाचली. ती सेकंदाला १० किंवा ८० रीडिंग देते. कुठला वेग हे ‘रेट’ नावाच्या एका पायावरून (पिनवरून) ठरतं, आणि तयार मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांवर तो पाय १० च्या बाजूला जोडलेला असतो. म्हणजे दर १०० मिलिसेकंदांना एक रीडिंग. फुटबॉल पॅडला टेकलेला असतो फार तर ८ ते १० मिलिसेकंद. ८० वर नेलं तरी दोन रीडिंगमध्ये साडेबारा मिलिसेकंद जातात. त्यात ही चिप क्षणचित्र घेत नाही, बराच वेळ सिग्नल साठवून एक आकडा बाहेर काढते. त्यामुळे तुमचा फटका त्या काळात पसरून पातळ होतो. किती पातळ, ते फटका मापाच्या सुरुवातीला पडला की टोकाला यावर अवलंबून. ४० आणि ३ तिथून आले. मुलाची काही चूक नाही.

लोड सेल वाईट नाही. उभं राहून उडी मारणाऱ्याचं वजन पायांवर कसं सरकतं हे पाहायचं असेल तर तोच हवा, मात्र त्यामागे सेकंदाला हजारभर रीडिंग घेणारी चिप लागते. वजनकाट्याची चिप वजनकाट्यासाठी आहे.

आता पिझो. पितळेच्या चकतीवर सिरॅमिकचा पांढरा थर, २७ मिलिमीटर व्यासाची मिळते तीच घ्या. वाकली की व्होल्टेज देते आणि त्यासाठी तिला बाहेरून वीज लागत नाही. स्थिर दाब मात्र तिला कळत नाही. तुम्ही तिच्यावर उभे राहिलात तर चढताना एकदा बोलेल, उतरताना एकदा, मधे गप्प. आपल्याला फटकाच पकडायचा आहे, म्हणून हा तिचा दोष इथे गुणच ठरतो. पॅडला टेकून ठेवलेली बॅग किंवा वाऱ्याचा संथ दाब ती आपोआप विसरते.

पण ती कशी बसवता यावर सगळं आहे. माझ्या अनुभवात सेन्सर निवडण्यात जेवढी डोकेफोड होते त्याच्या दुप्पट तो चिकटवण्यात व्हायला हवी, आणि होते बरोबर उलट. पॅडची पुढची पाटी, समजा पॉलिकार्बोनेटची किंवा प्लायवुडची, तिच्या मागे मधोमध चकतीची पितळी बाजू इपॉक्सीने घट्ट चिकटवा. फोमची दुहेरी चिकटपट्टी वापरू नका. ती उन्हात मऊ पडते, आणि सकाळचा पॅड दुपारी वेगळाच वागतो. उलट पाटी आणि चौकट यांच्यामध्ये मात्र रबराचे बूच किंवा मऊ फोम हवाच. पाटी चौकटीवर तरंगली पाहिजे. ती स्क्रूने थेट आवळली तर स्टँडला लाथ बसली काय आणि पाटीवर चेंडू बसला काय, चकतीला दोन्ही सारखंच. वायर सोल्डर करताना सिरॅमिकवर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका, थर उखडतो. आणि सोल्डरच्या ठिकाणी वायरवर गरम गोंदाचा एक थेंब सोडा. माझे जितके पिझो मेले त्यातले बहुतेक चकती फुटून नाही, वायर हलून हलून तुटल्याने मेले.

जोराच्या फटक्याला ही एवढीशी चकती दहा-दहा व्होल्टच्या पटीत उसळी मारू शकते. पॅड चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपचा, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा, पाय ३.३ व्होल्टचा. म्हणून चकतीला समांतर एक मेगाओमचा रेझिस्टर, जेणेकरून साठलेला चार्ज वाहून जाईल, मग पायाच्या आधी ओळीत एक रेझिस्टर आणि जादा व्होल्टेज अडवणारा ३.३ व्होल्टचा झेनर. हे तीन भाग वगळून बनवलेला नमुना टेबलावर बोटाने टिचकी मारली की झकास चालतो आणि मैदानावर पहिल्या खऱ्या फटक्याला बोर्ड जातो.

सिग्नल दोन वाटांनी न्या. एक वाट कम्पॅरेटरमधून (सिग्नलची ठरवलेल्या पातळीशी तुलना करणारा भाग) थेट इंटरप्टला, म्हणजे चिपला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या पायाला. ठरवलेली पातळी ओलांडली त्या क्षणी घड्याळ वाचून ठेवायचं, तेवढंच त्याचं काम. दुसरी वाट ॲनालॉग पायावर, पुढच्या १० ते १५ मिलिसेकंदांतली सगळ्यात उंच पातळी शोधायला. वेळ पहिल्या वाटेकडून घ्या. दुसरीवरून फटका होता की नुसती थरथर ते ठरवा. फटक्यानंतर पाटी काही काळ झणझणत राहते, म्हणून एकदा नोंद झाली की शंभरेक मिलिसेकंद कान बंद ठेवायचे. नाहीतर एका चेंडूचे तीन फटके मोजले जातील आणि मुलं खूश होतील.

पातळी किती ठेवायची? इथे अंदाजाने आकडा टाकू नका. पॅड मैदानावर ठेवा, चालू करा आणि शेजारी मुलांना अर्धा तास नेहमीसारखं खेळू द्या. पॅडला कोणी हात लावायचा नाही. त्या अर्ध्या तासात दुसऱ्या वाटेवर जी सगळ्यात मोठी उसळी दिसेल तिच्या दुप्पट-तिप्पट पातळी धरा. मग सगळ्यात लहान मुलाला हलका फटका मारायला सांगा. तो नोंदला गेला तर जिंकलात. नाही गेला तर पातळी खाली आणू नका, रबराचे बूच बदला. दोन पॅड एकाच पाटावर शेजारी बसवणार असाल तर शेजारच्याची थरथर या पॅडलाही लागेल. फक्त पेटलेल्या पॅडचंच ऐकायचं हा सोपा उपाय अर्धवट आहे, कारण चेंडू चुकून विझलेल्या शेजाऱ्यावर लागला तर पेटलेला पॅड ते श्रेय घेऊन मोकळा होतो. अशा वेळी दोघांच्या उसळ्यांची तुलना करायची आणि ज्याची मोठी त्याचा फटका. स्टँड सुटे ठेवलेत तर ही भानगडच नाही.

ताकदीकडे वळू. सामन्याच्या फुटबॉलचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. ४३० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २० मीटरने आला आणि १२ मीटरने परत गेला, तर वेगातला एकूण बदल सेकंदाला ३२ मीटर. संवेगातला बदल साधारण १३.८ न्यूटन-सेकंद. तो १० मिलिसेकंदांत झाला असेल तर सरासरी बल जवळजवळ १४०० न्यूटन. तोच चेंडू थोडा मऊ असेल आणि १४ मिलिसेकंद टेकला, तर हजाराच्या खाली. मुलाने दोन्ही वेळा सारखंच मारलं, ताकद मात्र जवळजवळ ३० टक्क्यांनी घटली. हवा भरायच्या पंपाने मुलाचे गुण ठरवायचे का? त्यात चेंडू पाटीच्या कडेला लागला की चकती कमी वाकते, म्हणजे आकडा आणखी खाली. दाबाने रोध बदलणाऱ्या पातळ एफएसआर पट्ट्यांचा विचार मनात आला असेल तर सांगतो, त्यांतली नेहमी मिळणारी गोल पट्टी साधारण २० न्यूटनपर्यंतच्या बोटाच्या दाबासाठी असते. तिला १४०० न्यूटन दाखवणं म्हणजे तिचा छळ.

आणि प्रशिक्षक म्हणून तुम्हीच सांगा, मुलाला न्यूटन सांगून काय कळणार? त्याला चेंडूचा वेग कळतो. पुढच्या आवृत्तीत पॅडच्या मागे २४ गिगाहर्ट्झचं डॉपलर रडार लावा. चेंडू जितका वेगाने येईल तितकी परतलेल्या लहरीची वारंवारता बदलते. या पट्ट्यात सेकंदाला एक मीटर वेगामागे साधारण १६० हर्ट्झ, म्हणजे २० मीटरच्या चेंडूला ३२०० हर्ट्झच्या आसपास, साध्या मायक्रोकंट्रोलरला सहज मोजता येईल इतकं. एक सावधगिरी: चेंडू तिरका आला तर रडारला वेगाचा फक्त त्याच्या दिशेचा भाग दिसतो. २० अंश तिरका असेल तर ६ टक्के कमी, ४५ अंश असेल तर जवळजवळ ३० टक्के कमी. समोरून मारायच्या ड्रिलमध्येच वेग दाखवा. तोवर हवं तर हलका, मध्यम, जोरात अशा तीन रंगांत दिवा पेटवा. मुलांना ते पुरतं, आणि तुम्हाला खोटं बोलावं लागत नाही.

आता प्रतिक्रिया-वेळ. शब्द बदला, ही माझी आग्रहाची सूचना. दिवा पेटल्यावर मुलाच्या डोळ्यांना आणि मेंदूला साधारण पाव सेकंद लागतो, मग तो वळतो, पाय उचलतो, मारतो, आणि १० मीटर अंतरावरून सेकंदाला २० मीटरने मारलेला चेंडू पॅडपर्यंत यायला अर्धा सेकंद घेतो. तुमच्या पॅडने १.१ सेकंद दाखवले तर त्यातला जवळजवळ निम्मा वेळ चेंडू हवेत होता. जोरात मारणाऱ्या मुलाची ‘प्रतिक्रिया’ चांगली दिसणार आणि चपळ पण बारीक मुलाची वाईट. त्याला प्रतिसाद-वेळ म्हणा किंवा फेरीची वेळ म्हणा, आणि दोन मुलांची तुलना करण्यापेक्षा त्याच मुलाची मागच्या आठवड्याशी करा. हातापायाने विझवायच्या ड्रिलमध्ये हा गोंधळ बराच कमी.

धावण्याच्या शर्यतीत हा आकडा खरोखर शुद्ध मोजतात. तिथे सेन्सर पाय टेकवायच्या ब्लॉकमध्ये असतो, बंदुकीच्या आवाजापासून ब्लॉकवरचा जोर वाढेपर्यंतची वेळ धरतात, आणि ती ०.१०० सेकंदाच्या आत आली तर सुरुवात चुकीची ठरते. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन ॲलन ०.०९९ ला बाद झाला. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. तुम्ही त्यातून घ्यायचं ते एवढंच: तुमच्या पॅडवर हाताने विझवताना कोणी १०० मिलिसेकंदांच्या आत आला तर तो दिवा बघून हललाच नाही, त्याने ठेका ओळखला. दोन दिव्यांमधला वेळ दरवेळी वेगळा ठेवा आणि असे निकाल ॲपमधून थेट बाद करा.

दशांश किती दाखवायचे यावर जलतरणातली एक गोष्ट. १९६७ पासून भिंतीवरचे टचपॅड वापरात आले, पाण्याच्या लाटेला दाद न देता हाताच्या दाबाला बंद होणारे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मेडलेत गुन्नार लार्सनने टिम मॅकीला ०.००२ सेकंदाने हरवलं. यंत्राने ते मोजलं यात शंका नाही, पण एवढ्या वेळात पोहणारा जेमतेम तीनेक मिलिमीटर सरकतो, आणि तलावाच्या दोन लेन तेवढ्या अचूक सारख्या बांधलेल्या नसतात. पुढे नियम बदलून निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच ठेवला. तुमचं स्टँड मुलं पायाने ढकलत असणार, त्यामुळे तुम्हीही दोन दशांशांवर थांबा.

ब्लूटूथबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमची पुढची रात्र त्यातच जाणार म्हणून आधीच लिहितो. पॅडने ‘लागला’ असा निरोप पाठवायचा आणि मोबाइलने तो मिळाल्यावर घड्याळ बघायचं, असं करू नका. आज वापरात असलेल्या बहुतेक ब्लूटूथ लो एनर्जी उपकरणांत दोन भेटींमधलं अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असतं, मोबाइल ते बहुतेक वेळा त्याहून बरंच जास्त ठेवतो, आणि निरोप एकदा हुकला की पुढच्या भेटीची वाट. दिवा पेटवणारा आणि फटका ऐकणारा मायक्रोकंट्रोलर एकच आहे ना? मग वेळ तिथेच मोजा आणि तयार आकडा पाठवा. मग तो १०० मिलिसेकंद उशिरा पोहोचला तरी कोणाचं बिघडत नाही. एका पॅडवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला हे हवं असेल तरच सहाही घड्याळं जुळवावी लागतील. घड्याळाचा ठोका देणाऱ्या साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत २० भागांचा फरक असू शकतो, म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद. दर ड्रिलच्या आधी एकदा जुळवलं की पुरे.

हातापायाने विझवण्यासाठी मात्र पिझो एकटा पुरणार नाही. बुटाने पॅडला लाथ मारा असं मुलांना सांगितलंत तर ती ऐकतील, आणि महिन्याभरात पॅड नवीन घ्यावे लागतील. तिथे न टेकता ओळखणारा सेन्सर बरा. लेझरच्या परतीचा वेळ मोजणारे टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर छान आहेत. व्हीएल५३एल१एक्स घ्या, तो कमी पल्ल्यावर सेकंदाला ५० पर्यंत मापं देतो. अंधारात त्याचा पल्ला ४ मीटरपर्यंत, लख्ख उन्हात तो मीटरच्या आत येतो आणि काळ्या बुटाला आणखी कमी. तुम्हाला हवंय ३० सेंटिमीटर, त्यामुळे चालेल. वर एक छोटी टोपी बसवा, म्हणजे सूर्य थेट काचेत शिरणार नाही. मोबाइलच्या पडद्यासारखा कपॅसिटिव्ह स्पर्श सुचवणारे भेटतील, त्यांना बूट आणि पाऊस या दोन शब्दांत उत्तर द्या.

तुमच्या कॅमेरावाल्या मित्राचं. ६० फ्रेमच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ मीटरने जाणारा चेंडू एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ४२ सेंटिमीटर उडी घेतो. मुलाच्या शरीराची ठेवण, पाय कुठे पडतो हे पाहायला कॅमेऱ्यासारखं दुसरं काही नाही. पण ‘नेमका कधी लागला’ याला तो कच्चा. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात ऑफसाइडसाठी स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे होते, खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपणारे. तरीही चेंडूच्या पोटात सेकंदाला ५०० वेळा बोलणारा सेन्सर बसवावा लागला, कारण चेंडूला पाय कुठल्या क्षणी लागला हे कॅमेऱ्यांतून पुरेसं नेमकं निघत नव्हतं. मित्राला हे सांगा आणि त्याला दुसऱ्या आवृत्तीसाठी राखून ठेवा.

ॲक्सेलरोमीटरवाला मित्र निम्मा बरोबर आहे. पाटीवर तो पिझोचं काम करू शकतो, पण नेहमीची चिप १६ जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट हिसक्याला, थांबते. पाटीला चेंडू बसला की ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि सगळे जोरदार फटके सारखेच दिसतात. २०० जीचा एडीएक्सएल३७५ घ्यावा लागेल. मी साधा १६ जीचाच घेईन, पण चौकटीवर बसवेन. स्टँड पडलं, कोणी उचललं, कोणी पाटीऐवजी पाइपला लाथ मारली, हे तो सांगेल. पाटी आणि चौकट एकदमच हादरली आणि चौकट जास्त हादरली, तर फटका बाद.

कारण मुलं हे करणारच. सेन्सर काय ऐकतो हे खेळाडू तुमच्या आधी ओळखतात. तलवारबाजीच्या फॉइल प्रकारात टोकावरचं बटण ५०० ग्रॅमला दबतं. पातं चाबकासारखं वाकवून पाठीवर नुसती टिचकी मारायची कला इतकी फोफावली, की दोन हजारच्या दशकाच्या मध्यात टोक टेकून राहायची किमान वेळ वाढवून १४ मिलिसेकंदांच्या आसपास न्यावी लागली. तायक्वांदोत इलेक्ट्रॉनिक छातीकवच आलं आणि लाथेचं तंत्रच बदललं. पाय वर धरून ठेवायचा आणि हलकेच टेकवत राहायचं. तुमच्याकडे क्लबची पोरं दहा मिनिटांत शोधून काढतील की पॅडच्या मागे उभं राहून पाटीला गुडघा मारला की विक्रम होतो. म्हणून पहिला नमुना प्रौढांना दाखवायच्या आधी सगळ्यात खोडकर दोघांच्या ताब्यात द्या आणि शांतपणे बघत बसा.

पावसाचं थोडक्यात. आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरू देण्याची प्रत) लिहिलेला डबा वापरा, वायर बाहेर येते तिथे रबरी ग्लँड लावा, आणि डब्याला स्वतः भोक पाडलंत तर ६७ हा आकडा विसरा.

पुढच्या दोन आठवड्यांचं काम सांगतो. एकच पॅड बनवा, सहा नाही. चेंडू जाळीच्या पिशवीत घालून दोरीने आडव्या दांड्याला टांगा, लोंबकळत्या जागेपेक्षा एक मीटर उंच येईपर्यंत मागे ओढा आणि सोडा. दरवेळी तो साधारण सेकंदाला ४.४ मीटरने पाटीला बसेल, कोणाच्या मूडवर अवलंबून नाही. मधोमध ५०, चारही कडांना मिळून ५०, असे १०० फटके. शेजारी मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये दिवा आणि चेंडू दोन्ही एकत्र टिपा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद, तुमच्या पॅडचं घड्याळ तपासायला तेवढं पुरेसं आहे. नंतर पाटी ओली करून २० फटके, उन्हात दोन तास ठेवून २०. किती नोंदले गेले नाहीत, किती दोनदा नोंदले गेले आणि चुकलेले पाटीवर कुठे लागले होते, हे वहीत लिहा. तो तक्ता मला पाठवा. बूच बदलायचे की पातळी, ते त्यावरून सांगता येईल.